पोपट झाला, मग पोपट दिसला

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरामागे पेरूचं झाड आहे. त्याचा धड पिकलेला पेरू आजवर आमच्या पोटात गेलेला नाही. त्याआधीच मिठ्ठूंची टोळी येते, अर्धा पेरू कुरतडते आणि उरलेला बाबांच्या डोक्यावर टाकते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जाऊन एक सकाळ पोपट पाहण्यात घालवायची, हे मी सांगितलं तेव्हा बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "काय वं, पोपट पाह्याले समुद्र ओलांडून राहिली? मांगच्या दारात बस ना!"

तरी सोबत आले तेच. नवरा आणि पोरगं समुद्रावरून हलायला तयार नव्हते.

नागपूर-मुंबई, मुंबई-मॉरिशस हा प्रवास सांगण्यासारखा नाही. घड्याळ दीड तास मागे घेतलं, एवढंच. टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमात बीच, बोट, शॉपिंग, पुन्हा बीच असं होतं, जंगल कुठेच नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी वेगळी टॅक्सी केली आणि पहाटेच पेत्रँला पोचलो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात शिरायची ही एक वाट. उद्यान १९९४ सालचं, साधारण ६५ चौरस किलोमीटर. पेंच-ताडोबा पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, पण या बेटावर मूळचं जे थोडंफार रान उरलंय त्याचा मोठा भाग इथेच आहे. हवा गार, अंगावर भुरभुर पाऊस. बाबांनी नोव्हेंबरात कानटोपी काढली.

वाट दाखवायला एक स्थानिक तरुण होता, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. मी वर एबनीच्या, म्हणजे आबनूसच्या, काळपट खोडांकडे बघत होते, बाबांचं लक्ष मात्र खाली. "अवं, इथंबी पेरूच!" खरंच, वाटेच्या दोन्ही बाजूंना दाट झुडपं माजली होती. हा चिनी पेरू. नाव चिनी, मूळ ब्राझीलचं. इथल्या देशी झाडांची रोपं हा वर येऊच देत नाही, त्यामुळे माणसं लावून तो उपटावा लागतो.

तेवढ्यात डोक्यावरून 'क्यें क्यें' करत हिरवी जोडी गेली आणि समोरच्या फांदीवर बसली. माझा हात थरथरत होता. दुर्बिणीत दोन लालभडक चोची दिसल्या. मी बाबांना कोपरानं ढोसलं, फोटो काढले, आणि विजयी मुद्रेनं त्या मुलाकडे पाहिलं. तो हसला. "मॅडम, ये तो इंडिया वाला है."

झाला का पोपट!

आपला गळ्यात गुलाबी कंठ असलेला पोपट १८८६ च्या सुमारास या बेटावर आला आणि इथलाच होऊन बसला. साळुंकीही आपलीच, शेंडीवाला बुलबुलही आपलाच. मूळ रहिवासी वेगळा. इंग्रजीत त्याला एको पॅराकीट म्हणतात, इथले लोक 'कातो वेर' म्हणतात. मॅस्करीन म्हणजे मॉरिशस आणि त्याच्या शेजारच्या बेटांवरचे बाकीचे सगळे देशी पोपट नामशेष झाले, हा एकटा उरला. तोही जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. झाडं तुटली, ढोल्या कमी झाल्या, आणि उरलेल्यांवर आपले नागपुरी पाहुणे हक्क सांगायला लागले. त्यात उंदीर आणि माकडं. १९८० च्या दशकात रानात जेमतेम दहा-बारा पक्षी राहिले होते, त्यात माद्या तीन.

हे ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पेरू कुरतडणारा मिठ्ठू इथे कुणाचं तरी घर बळकावतो, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढची गोष्ट मात्र छान आहे. कार्ल जोन्स नावाचा वेल्श जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये इथे आला. आधी मॉरिशसचा खरूची जातीचा छोटा शिकारी पक्षी वाचवण्याचं काम, मग गुलाबी कबूतर आणि हा पोपट. मादी दोन-तीन अंडी घालते, पण रानात बहुतेकदा एकच पिल्लू जगतं. म्हणून जादाची पिल्लं काढून हातानं वाढवली, ढोल्या पावसापासून आणि उंदरांपासून सुरक्षित केल्या, लाकडी खोकी टांगली, वरून खाणं पुरवलं. आज संख्या साडेसातशेच्या आसपास आहे. बाबा आयुष्यभर सिंचन खात्यात होते. ते म्हणाले, "म्हणजे दर वर्षी मेंटेनन्स. थांबवलं की संपलं." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

दोन तास काही नाही. दरीवरून लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी तेवढे तरंगत होते. दुर्बिणीच्या काचेवर वाफ, बुटात पाणी. परत फिरणार, तोच खालून एक आवाज आला, आपल्या पोपटापेक्षा जाड, घोगरा, नाकातून आल्यासारखा. मुलानं माझा दंड धरला आणि बोटानंच गप्प केलं.

एबनीच्या फांदीवर एकच पक्षी होता. अंगानं जरा भरलेला, शेपूट आखूड, हिरवा रंग गडद, ओल्या पानासारखा. तो पायात काहीतरी धरून सावकाश खात होता, आमची टोळी कशी हपापून खाते तसं नाही. मग त्यानं मान वळवली. चोच काळी. मादी! आपल्याकडे नर-मादी दोघांचीही चोच लाल, इथे लाल फक्त नराची, तीही वरची बाजू. मी फोटो काढायचं विसरले. बाबांनी माझ्या हातून दुर्बीण ओढून घेतली आणि बराच वेळ परत दिलीच नाही.

परतीच्या टॅक्सीत ड्रायव्हरनं आमचं बोलणं ऐकून विचारलं, "मराठी?" तो इथल्याच कास्काव्हेल गावचा, पूर्वज कोकणातले. मराठी शब्द पाच-सहाच उरलेले, पण गणेशचतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते हे त्यानं तीनदा सांगितलं. बाबांनी त्याला पोपटाचं सगळं पहिल्यापासून ऐकवलं, वऱ्हाडीत. त्याला किती कळलं देव जाणे, मान मात्र डोलवत होता.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी खुर्ची टाकलेली दिसली. बाबा, मांडीवर माझी दुर्बीण, डोक्यावर कानटोपी. पेरूवर नेहमीचा गोंधळ.

"लाल आहे न वं चोच," ते मान न वळवता म्हणाले. "आपलाच आहे."