बर्फ कधी मागे हटला ते चिखलाला विचारायचं

अंटार्क्टिकाचा बर्फ तुटल्याची बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, यात काय नवीन, आधीपण तुटलाच होता की. आणि गंमत म्हणजे ते बरोबर आहे, पण अर्धंच. कुठला बर्फ, कधी, किती वेगाने, हे विचारलं की मग समोरचा गप्प.

मला जास्त इंटरेस्ट आहे तो हे कळतं कसं यात. हिमनदी जमिनीवरून सरकत समुद्रात येते आणि तिचं पुढचं टोक पाण्यावर तरंगत राहतं, तो आइस शेल्फ. आता तरंगता बर्फ वितळला की त्याचं पाणी झालं, संपला विषय, पुरावा काय उरणार? उरतो तो तळाशी, गाळात. म्हणून जहाजातून पोकळ पाइप समुद्रतळात खुपसून गाळाचा लांबलचक दांडा, म्हणजे कोर, काढतात, खालचा थर जुना, वरचा नवा.

प्रिन्स गुस्ताव चॅनेलची केस माझी सगळ्यात आवडती. अंटार्क्टिक पेनिन्सुला आणि जेम्स रॉस बेट यांच्यामधली ही सामुद्रधुनी, तिच्यावरचा शेल्फ 1995 मध्ये तुटला. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लोकांनी तिथले कोर काढले आणि त्यातले बारीक खडे वेचून एकेक खडा कुठल्या खडकाचा ते पाहिलं. लॉजिक साधं आहे. वर शेल्फचं झाकण असेल तर खाली फक्त त्याच शेल्फला मिळणाऱ्या हिमनद्यांनी आणलेले आजूबाजूचे खडे पडणार, बाहेरचा हिमनग आत शिरूच शकत नाही. झाकण गेलं की लांबलांबचे हिमनग तरंगत येतात, वितळता वितळता आपल्या पोटातले परक्या गावचे दगड खाली टाकतात. आणि साधारण 5,000 ते 2,000 वर्षांपूर्वीच्या थरात असे परके खडे सापडले! म्हणजे तेव्हाही तिथे शेल्फ नव्हता, नंतर परत तयार झाला.

झालं, "आधीपण तुटला होता"वाले खूश. पण तिथून थोडं दक्षिणेला लार्सन बी बघा. 2002 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा तुकडा काही आठवड्यांत भुगा होऊन गेला, आणि तिथल्या कोरमध्ये मागची किमान 10,000 वर्षं तो शेल्फ जागेवरच होता असं दिसलं. शेजारी शेजारी दोन शेल्फ आणि दोघांचा इतिहास इतका वेगळा, त्यामुळे सरसकट विधान करणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

तारखा लावणं मात्र डोकेदुखी. तिथल्या समुद्राचं पाणीच "जुनं" आहे, खोलातून वर येणारं, त्यातल्या कार्बनचा हवेशी कित्येक शतकं संबंध आलेला नसतो, त्यामुळे आज मेलेला शिंपलासुद्धा कार्बन डेटिंगमध्ये हजार-बाराशे वर्षांचा निघतो, ते वजा करावं लागतं, वर गाळात जुना कार्बन मिसळलेला असला की अजून घोळ.

बर्फ मागे हटण्याच्या वेगाचा हिशोब त्याहून भारी. हिमनदी जिथे तळावरून सुटून तरंगायला लागते तिथे भरतीला बर्फ उचलला जातो आणि ओहोटीला परत टेकतो, टेकताना चिखलाचा छोटासा बांध तयार होतो, तोवर बर्फ जरा मागे गेलेला असतो, मग पुढचा बांध. नॉर्वेच्या समुद्रतळावर असे 7,600 च्या वर बांध सापडले, 2023 मध्ये त्याचा पेपर आला. उंची अडीच मीटरच्या आत, दोन बांधांमधलं अंतर 25 ते 300 मीटर. दिवसाला दोन ओहोट्या म्हणून दोन बांध धरले तर शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तिथला बर्फ काही काळ दिवसाला 55 ते 610 मीटर मागे जात होता. दिवसाला! असा वेग आज कुठेच मोजलेला नाही, आणि तो तळ सपाट असलेल्या भागात होता, चढ-उतार असले की बर्फ अडकतो. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीसमोर 2019 मध्ये रान नावाच्या मानवरहित पाणबुडीने असेच 160 हून जास्त बांध टिपले, तिथे एकेकाळी वेग वर्षाला 2 किलोमीटरच्या वर होता, म्हणजे आज सॅटेलाइटला दिसतो त्यापेक्षाही जास्त.

आणि शेजारची पाइन आयलंड हिमनदी. तिच्या शेल्फला गरम पाण्याने भोक पाडून खालचा गाळ काढला, त्यात शिसं-210 (ठरावीक वेगाने घटत जाणारं किरणोत्सारी शिसं) आणि अणुचाचण्यांचं प्लुटोनियम मोजून तारखा लावल्या. समुद्रतळावरच्या ज्या उंचवट्यावर ती टेकलेली होती त्याच्यामागे 1940 च्या दशकातच समुद्राचं पाणी शिरलं होतं, बहुतेक तेव्हाच्या मोठ्या एल निनोमुळे. एल निनो ओसरला तरी हिमनदी काही त्या उंचवट्यावर परत टिकली नाही, मागेच जात राहिली. 1990 च्या दशकात सॅटेलाइटने तिला हटताना पकडलं तेव्हा हा प्रकार सुरू होऊन निम्मं शतक झालं होतं.