काखेतला नॅपकिन

रविवार, रात्र

डाव्या कोपरावर बर्फाची पिशवी ठेवून बसलोय. लिहायचा हात उजवा, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

काल फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोपराची बाहेरची बाजू दाबली, मी ओरडलो, आणि त्या म्हणाल्या, "टेनिस एल्बो." आयुष्यात टेनिसची रॅकेट धरलेली नाही, मी खेळतो गोल्फ! गोल्फर्स एल्बो आतल्या बाजूला दुखतो, पण उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फरचं डावं कोपर पुष्कळदा बाहेरूनच धरतं म्हणे. आई म्हणाली, "नाशकात लोक गोल्फ क्लबवर चालायला जातात, तुला खेळायचं कुठून सुचलं?" तिचंही बरोबर आहे. आमचा गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे जॉगिंग ट्रॅक आहे, रणजीचे सामने होतात, गोल्फ तेवढा नाही.

दोष माझाच. 'डावा हात सरळ ठेवा' हे कुठेतरी ऐकलं आणि सहा महिने जपासारखं धरून बसलो. गच्चीवर जाळी बांधलीय, तिथे रोज सकाळी पन्नास चेंडू, दातओठ खात. क्लब, म्हणजे गोल्फची स्टिक, वर नेताना हात अगदी काठीसारखा ताठ. चेंडू लागला रे लागला की तेच कोपर बाहेर फाकून कोंबडीचा पंख. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये स्वतःला बघणं ही शिक्षाच आहे.

आज शेजारचे काका चहाला आले. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त, तिकडेच गोल्फ शिकले. व्हिडिओ दोनदा बघून म्हणाले, "अरे, कोपर काय बघतोस? पट्ट्याचं बक्कल बघ." बघितलं. चेंडू लागून गेला तरी बक्कल जाळीकडे वळलेलंच नाही, जमिनीकडे बघतंय. कंबर थांबली की हातांना पुढे जायला वाट उरत नाही, मग ते कोपरात दुमडतात. सहा महिने मी भलत्याच सांध्याला रागावत होतो.

बाईंनी दोन आठवडे क्लब बंद सांगितलाय, म्हणून काकांनी रविवारच्या पेपरची गुंडाळी करून हातात दिली आणि खांद्यावरचा नॅपकिन माझ्या डाव्या काखेत कोंबला. अर्धाच स्विंग, म्हणजे फटक्यासाठी हात फिरवायचे ते निम्मेच, सावकाश. दंड छातीला टेकून राहिला आणि छाती फिरत राहिली तरच नॅपकिन टिकतो. पहिल्या तीन वेळा तो तुळशीच्या कुंडीत.

मग उभं राहण्याची पद्धत. "कोपराची खळी कुठे बघतेय?" माझ्या दोन्ही खळ्या एकमेकींकडे तोंड करून. दंड जरासे बाहेर फिरवले तशा त्या आभाळाकडे वळल्या आणि कोपरांची टोकं कमरेच्या हाडांकडे आली. अमेरिकन गोल्फर बेन होगन हेच सांगायचा. करून बघितल्यावर खांदे आपोआप खाली उतरले, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

सरळ हाताचं काय, विचारलं तर काकांनी कॅल्विन पीट या अमेरिकन गोल्फरचं नाव काढलं. लहानपणी झाडावरून पडून त्याचं डावं कोपर मोडलं, हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. तरी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, 1981 ते 1990 सलग दहा वर्षं ड्रायव्हिंगच्या (सुरुवातीच्या लांब फटक्याच्या) अचूकतेत तो पहिला, आणि 12 स्पर्धा जिंकला. दुसरा गोल्फर जॅक निकलॉस, त्याचं उजवं कोपर क्लब वर नेताना अंगापासून सुटायचं, लोक नावं ठेवायचे. त्याच्या नावावर 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. काकांना ते दिसलं असावं, कारण लगेच म्हणाले, "तू पीट नाहीस. तुझा हात धडधाकट आहे, फक्त आवळलेला आहे."

शेवटच्या वीसेक स्विंगमध्ये नॅपकिन सहा वेळा जागेवर राहिला. सातव्यांदा राहणार असं वाटत होतं, तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज आला, पेपर कुठे नेलास, माझं शब्दकोडं राहिलंय.