सोलापुरातलं पार्सनिप: दुसरा हंगाम, माठाखालचे मोड आणि फ्रीजमधली थंडी

२६ फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आत, तिन्ही अर्ध्या ड्रमांतली काढणी केली, एक रोप तेवढं मुद्दाम ठेवलं. अठरा पार्सनिप निघाली. एकूण वजन २ किलो १६० ग्रॅम. सगळ्यात मोठं २४ सेंटिमीटर लांब आणि २१० ग्रॅमचं. मंडईत मांडलं तर जेमतेम दोन वाटे होतील, पण गेल्या वर्षी मला एकच मिळालं होतं आणि तेही तीन फाट्यांचं.

ज्यांनी पार्सनिप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे गाजराच्या कुळातलं कंद आहे. रंग साईसारखा, खांद्याशी जाड आणि खाली शेपटी. आमच्या शेजारच्या मावशी अजून विचारतात, "मुळा हाय का ओ हे?" वास मात्र मुळ्याचा अजिबात नाही. थोडा गाजराचा, थोडा ओव्याकडे झुकणारा. युरोपात साखर महाग होती त्या काळात गोड पदार्थांना गोडी आणायला हेच वापरत.

गेल्या वर्षी काय चुकलं ते आधी. पहिलं म्हणजे बी. पार्सनिपचं बी साधारण वर्षभरच टिकतं, नंतर उगवण झपाट्याने पडते. मी ऑनलाइन घेतलेल्या पाकिटावर पॅकिंगची तारीखच नव्हती. चाळीस बिया टाकल्या, तीन उगवल्या. दुसरं म्हणजे माती. जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात काळी माती आहे, ओली असताना पायाला चिकटते आणि वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा. सरळ खाली जायचं असलेलं मूळ तिथे पहिल्याच ढेकळाला वळतं. त्यातून मी ताजं शेणखत घातलेलं. गाजर, पार्सनिप दोघांनाही ते फाटे फोडतं.

यंदा बी ताजं आणलं, पाकिटावरची तारीख बघूनच. तरी खरी अडचण उरलीच, ती ऑक्टोबरची. या बीला उगवायला १० ते २० अंश आवडतं, पंचविशीच्या वर ते रुसून बसतं. आमच्याकडे ऑक्टोबरात दुपारी ३२-३३ अंश. थंडी पडेपर्यंत थांबावं, तर पीक चार महिन्यांच्या वरचं, म्हणजे कंद भरायच्या वेळेला मार्चचं ऊन. म्हणून मोड घरात आणायचे ठरवलं.

जागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली परातीत ओली वाळू असते. माठ पाझरतो, वाळू ओली राहते, बाष्पीभवनाने गारवा टिकतो. थर्मामीटर ठेवून पाहिलं. खोलीत २९, वाळूत २३. १४ ऑक्टोबरला साठ बिया ओल्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून त्या वाळूवर ठेवल्या. बाराव्या दिवशी पहिला पांढरा मोड दिसला, सोळाव्या दिवसापर्यंत ४१. एवढी उगवण पाहून मी अक्षरशः घरभर सांगत फिरले.

टॉवेल मात्र चुकीचा निवडला. त्याच्या बारीक फासांत मोडांची टोकं अडकली आणि सोडवताना सात तुटली. मुळाचं टोक तुटलं की ते रोप फाट्याचं होणार हे नक्की, म्हणून ती सात टाकून दिली. पुढच्या वेळी सासूबाईंच्या जुन्या मलमलच्या पदराचा तुकडा. त्यांनी तो काढूनही ठेवलाय.

लावणी २ नोव्हेंबरला. निळे पाण्याचे ड्रम मधोमध कापून घेतले होते, तळाला भोकं पाडून. भरताना वाळू, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर्षभर कुजलेलं खत, सगळं चाळून. मग प्रत्येक ड्रममध्ये वीतभर अंतरावर आठ ठिकाणी पहार रोवली आणि गोल फिरवून नरसाळ्यासारखा खड्डा केला, हातभर खोल. त्यात आणखी बारीक चाळलेलं मिश्रण भरलं, वर एक सेंटिमीटरभर खोलीवर मोड अलगद ठेवले, टोक खाली. चौतीस मोड, चोवीस जागा; दहा ठिकाणी जोडी, तिथलं अशक्त रोप नंतर खुडलं. ही पहारीची युक्ती प्रदर्शनासाठी कंद वाढवणारे वापरतात आणि ती लाखमोलाची आहे. अठरापैकी फक्त दोघांना फाटे आले.

पाण्याबद्दल थोडक्यात: नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे भाज्या धुतलेलं पाणी ठरलेल्या वेळी, रोज थोडं. सुकवून एकदम भरपूर दिलं की कंद तडकतात. एकदा अवकाळी पाऊस आला तेव्हा ड्रम झाकायला उशीर झाला आणि दोन रोपं डोक्याशी कुजली.

आता जे प्रत्येकाने वाचावं असं वाटतं ते. डिसेंबरात भर अकराच्या उन्हात, बाह्या वर सारून, मी पिवळी पानं खुडली. त्या वेळी काहीच जाणवलं नाही. दोन दिवसांनी मनगटावर भाजल्यासारखे फोड. पानांच्या रसात असं द्रव्य असतं की ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा पोळते. फोड आठवड्यात बसले, तपकिरी डाग अजून आहे. पानं संध्याकाळीच काढा, लांब बाह्या आणि हातमोजे घालून, आणि लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका.

भोगीला तीन उपटली. अंगठ्याएवढीच होती, पण भोगीच्या भाजीत गाजर, वांगं, घेवडा, बोरं, हरभरा यांच्यासोबत कापून टाकली. तिळाच्या भाकरीबरोबर छान लागली, पण गोडी नव्हती, बटाट्याच्या जवळची चव.

ती गोडी कुठून आणायची हाच माझा यंदाचा खरा प्रश्न होता. थंड देशांत दहिवर गोठेपर्यंत पार्सनिप जमिनीत ठेवतात, कारण थंडीत कंदातल्या स्टार्चची साखर होते. सोलापुरात दहिवर कधी गोठणार? म्हणून अठरापैकी नऊ लगेच खाल्ली आणि नऊ, पानं कापून, न धुता, ओलसर कापडात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवली. तिथे ३ अंश होते. पंधरा दिवसांनी एक काढलं, जाड काप केले, तव्यावर तुपात मंद आचेवर लावले. आधीचे काप तव्यावर पांढरेच राहायचे. हे कडेने भराभर तांबूस झाले, तुपाला खमंग गोड वास सुटला आणि काप बोटाला चिकट लागले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "गूळ घातलास का गं?"

एक रोप मुद्दाम २० मार्चपर्यंत ठेवलं होतं. मधला गाभा लाकडासारखा झाला, टाकून द्यावं लागलं. म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी संपायच्या आत काढणी. फुलाचा दांडा माझ्याकडे अजून एकालाही आला नाही, त्यामुळे बी घरचं धरता येत नाही, दरवर्षी ताजंच आणायचं.

पुढच्या हंगामात ड्रम तिनाचे पाच करतेय आणि अर्धे मोड माठाखाली, अर्धे फ्रीजच्या दारात ठेवून बघणार आहे. फ्रीजमध्ये अजून चार शिल्लक आहेत. ती तीस दिवसांनी काढून चव सांगते.