जिप्सी अपडेट: प्लग ५ नंबर की ६ नंबर?

मंडळी, कार्बोरेटरचं ओव्हरहॉलिंग मागच्या वेळी संपलं, आता विषय स्पार्क प्लगचा, म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा. गाडी तीच, मारुती जिप्सी एमजी४१०, ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन, पॉइंटवालं (जुन्या पद्धतीचं, इलेक्ट्रॉनिक नसलेलं) डिस्ट्रिब्युटर. प्लगमध्ये काय एवढं बघायचं, दुकानात जाऊन "जिप्सीचे द्या" म्हटलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. पण चढाला फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधेच ठिणगी चुकून अडखळायला लागली की कळतं प्लगला किती महत्त्व आहे ते.

तक्रार अशी होती. हायवेला गाडी एकदम गुळगुळीत, पण मुळशीच्या मागच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगत चाललं की स्लो (आयडलिंग) बिघडायचा, पिकअप द्यायला गेलं की अडखळायची आणि मग थोडी ताणून चालवली की आपोआप साफ. प्लग काढले तर चारही काळे, कोरडी मऊ काजळी, बोटाने पुसली तर निघते अशी. तिसऱ्या सिलेंडरच्या प्लगला मात्र आट्यांपाशी ओलसर तेलकटपणाही होता, तो वेगळा विषय, खाली सांगतो.

आत बसलेले प्लग होते बीपीआर६ईएस. हा काही चुकीचा प्लग नाही, भरपूर जिप्स्या याच्यावर चालतात. पण कोड वाचायला शिका, फार उपयोगी आहे. एनजीके या कंपनीच्या कोडमध्ये बी म्हणजे १४ मिमीचे आटे, पी म्हणजे सिरॅमिकचं टोक बाहेर आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, मग आकडा हा हीट रेंजचा (प्लग किती गरम-थंड याचा), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ई च्या जागी एच असेल तर लांबी १२.७, तो प्लग बसेल पण ठिणगी चेंबरच्या बाहेर खड्ड्यात पडेल आणि हेडचे उघडे राहिलेले आटे कार्बनने भरतील, त्यामुळे घाईत कोणी हातात दिला तरी घेऊ नका. उलट प्रकार तर अजून वाईट, आखूड प्लगच्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टनला लागू शकतो.

आता आकडा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तर प्लग गरम. म्हणून बीपीआर६ईएसच्या जोडीचा बॉश म्हणजे डब्ल्यूआर७डीसी, आणि बॉशचा ७ बघून एनजीकेचा ७ घेतला तर गाडीला एक नंबर जास्त थंड प्लग बसतो. डेन्सोमध्ये एनजीकेचा ५ म्हणजे १६ आणि ६ म्हणजे २०. गरम प्लग म्हणजे ठिणगी गरम असं नाही, ठिणगीचा याच्याशी संबंध नाही. आतलं सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णता बाहेर हेडकडे जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड तर उष्णता लगेच निघून जाते, तो थंड.

टोकाचं तापमान साधारण ४५० डिग्रीच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते, आणि ८७० च्या आसपास गेलं की टोकच निखाऱ्यासारखं पेटून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं, पिस्टनची वाट लागते. सगळी निवड या दोन आकड्यांच्या मधली. आणि आपल्या गाड्यांचं वेगळेपण इथेच आहे, रांगत चालणं, चढावर थांबून पुढच्या गाडीची वाट बघणं, स्लोवर इंजिन चालू ठेवून विंच लावणं, यात टोक ४५० पर्यंत पोचतच नाही. "आपल्याकडे ऊन फार, थंड प्लग टाक" असा सल्ला सर्रास मिळतो, पण प्लगचं टोक तापतं ते आतल्या ज्वलनाने, इंजिनवर लोड किती आहे त्यावर. बाहेर ४० डिग्री आहे म्हणून रांगणाऱ्या गाडीत टोक काही साफ होत नाही.

म्हणून बीपीआर५ईएस लावले. पण त्याआधी मिश्रण बघून घेतलं, हे फार महत्त्वाचं, कारण चारही प्लग काळे म्हणजे पहिला संशय रिच मिश्रणावर (पेट्रोल जास्त), चोक पूर्ण उघडत नसेल, फ्लोटची लेव्हल वर असेल, एअर फिल्टर धुळीने बसला असेल. ते सगळं ठीक असूनही फक्त रांगतानाच काजळी धरत असेल तरच प्लगचा नंबर बदला. प्लगच्या नंबराने कार्बोरेटरचा दोष झाकायचा नाही. याची दुसरी बाजूही आहे. ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलमुळे ऑक्सिजन असतो, जुना कार्बोरेटर स्वतःहून पेट्रोल वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि प्लग पांढुरके दिसायला लागतात. ते बघून लोक थंड प्लग टाकतात. तिथे कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बघायला हवा, प्लग नाही.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप मॅन्युअलप्रमाणे ०.७ ते ०.८ मिमी. मी ०.७ ठेवलाय, पॉइंटच्या इग्निशनवर गॅप वाढवला की व्होल्टेज जास्त लागतं आणि पावसाळ्यात ओल्या वायरीतून तेच व्होल्टेज बाहेर पळतं. नवा प्लग डब्यातून काढून तसाच लावू नका, फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) घाला. वाकवायची ती बाजूची पट्टी, मधल्या इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही. आणि ११ अशी शेपटी असलेला प्लग १.१ गॅपचा असतो, तो नंतरच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) इंजिनांसाठी ठीक, आपल्याला नको.

इरिडियमबद्दल सगळेच विचारतात. बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं हे खरं, टिकतो पण जास्त. पण पाण्यातून, चिखलातून जाणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीत मी साधा निकेलचाच घेईन, किंमत कमी, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, आणि चार जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवता येतात. नकली मालापासून सांभाळा, छपाई पुसट, आटे खडबडीत, वॉशर ढिला असेल तर परत करा.

बसवताना इंजिन थंड पाहिजे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आधी प्लगच्या खड्ड्यातली माती हवेने उडवा, ट्रेलवरून आल्यावर तिथे अर्धा चमचा तरी लाल माती असतेच आणि ती आत पडली तर सिलेंडर घासतो. मग पान्याला दांडा न लावता नुसत्या हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचं, टेकल्यावर नव्या वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. जुनाच परत लावत असाल तर टेकल्यावर जेमतेम एक बारांश फेरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावायचं नाही, एनजीकेचे आटे प्लेटिंग केलेले असतात आणि ग्रीस लावलं की त्याच जोरात जास्त आवळलं जातं. कॅपच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस जरूर, पाण्याच्या क्रॉसिंगला त्याचाच आधार.

वायरीही मल्टिमीटरवर बघितल्या. तीन जवळपास सारख्या, दुसऱ्या नंबरची रेझिस्टन्सला खूपच वर, हलवली की आकडा उड्या मारतो. पूर्ण सेट बदलला, रेझिस्टरवाल्या प्लगवर अशी वायर असेल तर कुठलाही प्लग लावा, मिसिंग जाणार नाही.

आत्ताची स्थिती: परत तोच मुळशीचा रस्ता, तेच रांगणं, आणि वर पोचल्यावर स्लोवर ठेवून बंद करून तिथेच प्लग काढले. १, २ आणि ४ सिलेंडरच्या प्लगचं सिरॅमिक फिकट तपकिरी, कडेला थोडा करडेपणा, टोक कोरडं. हायवेलाही लोडवर चालवून क्लच दाबून लगेच इंजिन बंद करून बघितले, ५ हीट रेंजच्या या प्लगवर पांढरे फोड नाहीत, इलेक्ट्रोडच्या कडा शाबूत, नॉकिंग नाही. तुमची गाडी बहुतेक वेळ १०० च्या पुढे हायवेलाच पळत असेल तर ६ च ठेवा.

राहिला ३ नंबर सिलेंडरचा प्लग. तो अजून तेलकट. कॉम्प्रेशन बाकी तिघांच्या बरोबरीचं आहे आणि लांब उतार इंजिन ब्रेकवर उतरून खाली अ‍ॅक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो, म्हणजे रिंगपेक्षा व्हॉल्व्ह सीलवर संशय जास्त. सील मागवलेत. एफ१०ए वर हेड न उतरवता, सिलेंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून सील बदललेलं कोणी असेल तर स्प्रिंग कंप्रेसर कुठला वापरला ते नक्की सांगा.