टीएवर मत देताना: माझा अनुभव, आणि एका लेटरपायी गेलेले दिवस

अमेरिकेत एअरलाईनमध्ये उडवणारी आपली मराठी मंडळी तशी मोजकीच, पण दर काही वर्षांनी प्रत्येकाला टीएवर, म्हणजे कंपनी आणि युनियनने ठरवलेल्या तात्पुरत्या करारावर, हो-नाहीचं मत द्यावं लागतं म्हणून लिहून ठेवतोय. कंपनीचं नाव लिहिणार नाही, युनियनचंही नाही. मी नॅरोबॉडीवर फर्स्ट ऑफिसर आहे, बेसच्या शहरात, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते तिथे, राहत नाही म्हणजे कम्युटर, आणि सीनिऑरिटी इतकी कमी की बहुतेक महिने रिझर्व्हवरच जातात, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नाहीत, बोलावणं आलं की जायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच घडलं.

नव्या लोकांसाठी भराभर सांगतो. इथला एअरलाईन आणि तिच्या कामगारांमधला करार 1926 च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली येतो, विमानवाल्यांना त्यात 1936 मध्ये घातलं. या कायद्यात करार संपत नाही, फक्त 'अमेंडेबल' (बदलायला मोकळा) होतो, म्हणजे तारीख उलटून वर्षं गेली तरी जुनाच पगार आणि जुनेच नियम चालू, मग कंपनीला घाई कशाची असणार. बोलणी अडली की मध्यस्थी करणाऱ्या सरकारी नॅशनल मिडिएशन बोर्डाकडे जायचं, त्यांनी मोकळं केल्याशिवाय 30 दिवसांचा कूलिंग-ऑफ, म्हणजे थंड होण्याचा काळ, सुरू होत नाही, आणि तो संपल्याशिवाय संप करता येत नाही. त्यात पुन्हा राष्ट्राध्यक्ष मध्ये पडू शकतात. 1997 मध्ये अमेरिकन एअरलाईन्सच्या पायलटांचा संप सुरू होतोय न होतोय तोच क्लिंटननी थांबवला होता. 2010 मध्ये स्पिरिट एअरलाईन्सच्या पायलटांनी खरंच 5 दिवस संप केला, पण असं क्वचित.

हे सगळं मी आईला फोनवर समजावलं तरी तिचा एकच प्रश्न, "म्हणजे तुम्ही संप करणार ना?" बाबा एसटीत होते, 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंतचा एसटीचा संप त्यांनी रिटायर होऊन घरात बसून रोज टीव्हीवर पाहिला. ते म्हणाले, "कागदावर काय मिळालं ते आधी बघ, भाषणं कोणीही ठोकतो." तेव्हा मी हो हो करून फोन ठेवला.

तर आमची बोलणी बरीच वर्षं चालली, मधे स्ट्राईक ऑथोरायझेशनचं, म्हणजे गरज पडली तर संप पुकारायला युनियनला परवानगी देण्याचं, मतदान झालं. (त्या आकड्यावर जाऊ नका, डेल्टात 2022 मध्ये 99 टक्के हो म्हणाले होते. त्याने कंपनीवर दबाव येतो, पण लोक खरोखर काय घेऊन गप्प बसतील ते कळत नाही.) आणि एक दिवस ईमेल आला की टेंटेटिव्ह ॲग्रीमेंट झालं, म्हणजे टीए. सोबत रंगीत हायलाइट्स. पगार इतके टक्के, रिटायरमेंटमध्ये कंपनीचा वाटा इतका, रेट्रो, म्हणजे करार लांबला त्या काळाची थकबाकी, इतका. क्रू रूममध्ये अर्ध्या तासात निम्म्या लोकांचं हो आणि निम्म्यांचं नाही ठरूनसुद्धा झालं, एकानेही टीए उघडलेला नव्हता.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर युद्धच. नाही म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण युनायटेड, तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये 94 टक्क्यांनी टीए फेटाळला आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याहून बराच चांगला करार 82 टक्क्यांनी पास केला. हो म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण फेडेक्स, तिथे जुलै 2023 मध्ये 57 टक्क्यांनी फेटाळला आणि मग त्यांचं घोंगडं भिजतच पडलं. दोन्ही खरं आहे. मधल्या काळात मार्च 2023 मध्ये डेल्टाने 4 वर्षांत 34 टक्के वाढ 78 टक्क्यांनी पास करून सगळ्यांची भूक वाढवून ठेवली होती, वर त्यात अशी अट की युनायटेड किंवा अमेरिकन पुढे गेले तर डेल्टाचे दर त्यांच्याहून किमान 1 टक्का जास्त. आम्ही लहान कंपनीवाले, आम्हाला कोण असली अट देतो.

आता मूळ दुखणं.

हायलाइट्समध्ये रिझर्व्हबद्दल एक ओळ होती: लाँग कॉलला 12 तासांची नोटीस, लाँग कॉलचं शॉर्ट कॉलमध्ये रूपांतर मर्यादित. मर्यादित म्हणजे किती? कम्युटरसाठी सगळा संसार या एका आकड्यावर चालतो. लाँग कॉलवर असलो तर घरी झोपता येतं, मुलीला शाळेत सोडता येतं, फोन आला तर बॅग उचलून निघायचं. शॉर्ट कॉल म्हणजे बेसच्या शहरात क्रॅशपॅडमध्ये अनोळखी पाचजणांबरोबर बंक बेडवर लोळत फोनकडे बघत बसायचं. एफएएच्या (इथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याच्या) पार्ट 117 या नियमांत शॉर्ट कॉलवर उपलब्ध राहण्याचा काळ 14 तासांपेक्षा जास्त नको एवढं आहे, पण महिन्यातून किती वेळा तुम्हाला लाँगवरून शॉर्टवर ओढायचं ते करारानेच ठरतं.

मी पूर्ण मजकूर उघडला, रिझर्व्हचं सेक्शन वाचलं. तिथे लिहिलेलं की रूपांतराची मर्यादा अमुक नंबरच्या लेटर ऑफ ॲग्रीमेंटप्रमाणे, म्हणजे कराराला जोडलेल्या वेगळ्या कागदाप्रमाणे. लेटर शोधलं तर यादीत नाव आहे, लिंक आहे, आणि लिंकवर क्लिक केलं की 'लवकरच उपलब्ध'. बाकीची सगळी लेटर्स होती. युनिफॉर्मच्या भत्त्याचं होतं, पार्किंगचं होतं, एकच नव्हतं, आणि ते माझं.

लोकल रेपला, म्हणजे बेसवरच्या युनियन प्रतिनिधीला, फोन केला. तो म्हणाला निगोशिएटिंग कमिटीला विचार. कमिटीला ईमेल टाकला तर उत्तर आलं की प्रश्न नोंदवला आहे, प्रश्नोत्तरांच्या पुढच्या आवृत्तीत येईल. पुढची आवृत्ती आली, त्यात जेवणाच्या भत्त्याबद्दल दोन पानं आणि माझ्या प्रश्नाला 'भाषा अंतिम टप्प्यात आहे'. हॉटलाईनवर व्हॉइसमेल. एकदा कोणीतरी परत फोन केला तोही मी विमान धावपट्टीकडे नेत असताना, मग मी लावला तर पुन्हा व्हॉइसमेल. बायको म्हणाली इतका पाठपुरावा तू ग्रीन कार्डचा केला नव्हतास. खरंय.

मग रोडशो, म्हणजे युनियन बेसवर येऊन टीए समजावते ती सभा. विमानतळाजवळच्या हॉटेलात, गालिचा, कॉफी, प्रोजेक्टर. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जम्पसीटवर (कॉकपिटमधल्या जादा सीटवर) बसून गेलो. स्लाइडवर पगाराचा टेबल आला तेव्हा लोक फोटो काढत होते. मी हात वर करून विचारलं, ते लेटर कुठे आहे आणि मर्यादेचा आकडा काय. स्टेजवरचा माणूस चांगला होता, वर्षानुवर्षं फुकट राबलेला, उगाच वाईट बोलणार नाही. पण उत्तर काय दिलं, तर दोन्ही बाजूंचा इंटेंट स्पष्ट आहे, कम्युटरला त्रास होऊ नये हाच हेतू आहे. मी म्हटलं, हेतू ठीक आहे, मजकूर? तर म्हणे वकील शेवटचा हात फिरवतायत, मतदान बंद व्हायच्या आत नक्की येईल. मतदान सुरू झालेलं होतं हो! लोक मतं टाकून मोकळे होत होते आणि ज्या कागदावर मतं टाकत होते त्याचा एक तुकडा अजून लिहिला जात होता. उद्या वाद झाला, तक्रार सिस्टिम बोर्डासमोर, म्हणजे कराराच्या अर्थावरचे वाद निकालात काढणाऱ्या मंडळासमोर, गेली, तर तिथे आधी कागद वाचतात, रोडशोमधला कोणाचा हसरा चेहरा बघत नाहीत. माझ्या शेजारी एक 64 वर्षांचा कॅप्टन बसलेला, तो हळूच म्हणाला, बेटा मला रिझर्व्ह शेवटचा कधी लागला आठवत नाही, मला पुढच्या वर्षी 65 ला घरी जायचंय, मला रेट्रो पाहिजे. प्रामाणिक माणूस. त्याला माझ्यासाठी थांबायला सांगण्यात काही अर्थ नव्हता आणि मी त्याच्यासाठी हो म्हणावं असंही काही नव्हतं. एकाच सीनिऑरिटी लिस्टवर असलो तरी तो एक करार वाचत होता आणि मी दुसरा.

मधेच आठवलं ते सांगतो, मतदानाची मुदत सुरू व्हायच्या आधीच मेंबरशिप स्टेटस बघून घ्या. बिनपगारी रजेवर वगैरे गेला असाल तर ड्यूज (युनियनची वर्गणी) थकलेले असू शकतात आणि मग ई-बॅलटचं लॉगिनच चालत नाही. आमच्या बॅचमधल्या एकीचं असंच झालं, शेवटच्या दिवशी कार्ड नंबर वाचून दाखवत बसली होती. मेंबर न होता युनियनला नुसती एजन्सी फी भरणाऱ्यांना मत नसतं, मेंबरच लागतं.

तर ते लेटर शेवटी आलं. मतदान बंद होण्याच्या अगदी तोंडावर, रात्री, ईमेलशिवाय, नुसतंच लिंकच्या जागी गुपचूप. क्रॅशपॅडमधल्या एकाला दिसलं म्हणून मला कळलं. दीड पानाचं. मर्यादा होती, आकडाही वाईट नव्हता. पण खाली एक ओळ, ऑपरेशन विस्कळीत असल्याचं कंपनीने जाहीर केलं तर त्या दिवसांची रूपांतरं या मोजणीत धरायची नाहीत. जाहीर कोण करणार, कंपनी. किती दिवस, लिहिलेलं नाही. उन्हाळ्यात दुपारची वादळं आणि हिवाळ्यात बर्फ, आमचं ऑपरेशन विस्कळीत नसतं तेच दिवस मोजायला सोपे.

मी नाही म्हणून मत दिलं. पगारावर माझी काहीच तक्रार नव्हती, पगार चांगला होता, त्या ओळीसाठी दिलं, आणि ज्या पद्धतीने ती ओळ आली त्यासाठी जास्त. ग्रुपवर कारण लिहिलं तर एकाने विचारलं, एवढ्यासाठी तू सगळ्यांचा रेट्रो अडवणार का? मी म्हटलं माझ्या एका मताने काय अडतंय. टीए आरामात पास झाला. खोटं कशाला बोलू, निकाल वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं, पुन्हा वर्षभर मिडिएशन बोर्डाच्या तारखांकडे डोळे लावून बसायची माझी तयारी नव्हती. राग नंतर आला, पहिल्या मोठ्या वादळाच्या दिवशी, रात्री नऊला फोन आला तेव्हा.

तुमच्याकडे टीए आला तर हायलाइट्स वाचूच नका असं नाही म्हणत, पण आधी तुमचं आयुष्य ज्या सेक्शनवर चालतं ते काढा आणि त्यात ज्या ज्या लेटरचा उल्लेख आहे ती सगळी उघडतात का बघा. एखादं उघडत नसेल तर एकट्याने ईमेल करू नका, बेसवरच्या दहा-वीस जणांना एकाच दिवशी तोच प्रश्न पाठवायला लावा. मत शेवटच्या दोन दिवसांपर्यंत टाकू नका, काही होत नाही, लवकर टाकणाऱ्याला कोणी टोपी देत नाही. आणि पुढच्या वाटाघाटींच्या आधी युनियन सर्व्हे पाठवते तो पूर्ण भरा, मोकळी जागा असते तिथे लिहा. मी आमच्याकडचा यावेळी भरला तेव्हा त्या लेटरवरच एवढं लिहिलं की बॉक्सने अक्षरं संपली म्हणून सांगितलं.

हां, रेट्रोचं राहिलं. तो एकरकमी येतो आणि बोनससारखा धरून त्यातून फेडरल टॅक्स सरसकट 22 टक्के कापतात, स्टेट आणि बाकीचं वेगळं. तुमचा खरा स्लॅब त्याहून वर असेल तर एप्रिलमध्ये फरक भरावा लागतो, तेव्हा हातात आलेला आकडा बघून लगेच किचन तोडायला घेऊ नका. आमच्या घरी घेतलं.