लायडन: अतिवाहकतेच्या गावी

हेगहून लायडन रेल्वेने पाव तासाच्या अंतरावर आहे. लोक इथे येतात ते कालव्यांसाठी आणि रेम्ब्रांटचं जन्मगाव बघायला. मला बघायचं होतं बुरहावे या विज्ञान संग्रहालयातलं एक यंत्र. साताऱ्याला बारावीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवताना 'कॅमरलिंग ओनेस, १९११, पारा, ४.२ केल्विन' एवढं मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल! म्हणजे ओनेस या डच शास्त्रज्ञाला दिसलं, की सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. हीच अतिवाहकता. मुलं पाठ करायची आणि पुढच्या धड्याकडे वळायची. ते सगळं घडलं ते गाव बघायची इच्छा मनात घर करून होती.

सोबत भाची होती. ती डेल्फ्टला खगोलशास्त्रासाठीच्या अतिवाहक डिटेक्टरवर संशोधन करते. आधी आम्ही स्टेनस्खूर नावाच्या कालव्याकाठी गेलो. ओनेस यांची प्रयोगशाळा इथेच होती, आता त्या इमारतीत विद्यापीठाचा कायदा विभाग आहे. १८०७ साली याच कालव्यात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दीडशे माणसं मेली होती. गावाने ती धास्ती इतकी घेतली, की पुढे ओनेस दाबाखालचे वायू वापरतात म्हटल्यावर १८९५ पासून जवळजवळ तीन वर्षं त्यांचं काम थांबलं. शेजारची बाग त्या स्फोटात उद्ध्वस्त झालेल्या जागेवरच आहे. तिथे मुलं सायकली टाकून गवतावर लोळत होती.

संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतीवर आईन्स्टाइनचं समीकरण रंगवलंय आणि आत ते यंत्र आहे, हेलियम द्रवरूप करणारं. मी त्याच्यापुढून हलेचना. एकात एक बसवलेली काचेची भांडी, पितळी नळ्या, झडपा. सगळं हाताने घडवलेलं. ओनेस यांनी काच फुंकणाऱ्या आणि यंत्रं बनवणाऱ्या कारागिरांसाठी १९०१ मध्ये शाळाच काढली. ती आजही चालू आहे आणि मला हे त्यांच्या नोबेलइतकंच मोठं वाटतं. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून ही माणसं राबत होती. संध्याकाळ झाली तरी द्रव दिसेना. बघायला आलेल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सुचवलं, भांड्याला खालून उजेड दाखवा. तेव्हा पृष्ठभागाची कड चमकली. हेलियम जमलं होतं जेमतेम ६० मिलिलिटर! द्रव हेलियमच्या त्याच थंडाव्यात तीन वर्षांनी, ८ एप्रिल १९११ ला, पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झाल्याचं दिसलं.

संग्रहालयाच्या कॅफेत भाचीने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली. चाचणीत नापास झालेली एक चिप तिने जपून ठेवली होती. "मावशी, कडेने धर हं, मध्ये बोट लावू नकोस." नखापेक्षा थोडी मोठी सिलिकॉनची चकती. तिरकी धरली की नायोबियम टायटॅनियम नायट्राइड या अतिवाहकाच्या बारीक रेषा दिसत होत्या, नागमोडी, एकीशेजारी एक. मध्येच कुठेतरी ॲल्युमिनियमचा तुकडा. तो मला तरी डोळ्यांनी सापडला नाही.

या डिटेक्टरची कल्पना अमेरिकेतलं कॅलटेक विद्यापीठ आणि नासाची जेपीएल प्रयोगशाळा यांच्या गटाने २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडली. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात. आकाशातून आलेल्या फोटॉनने, म्हणजे प्रकाशकणाने, जोडी फोडली, की चिपवरच्या त्या नागमोडी रेषेची विद्युत कंपनसंख्या किंचित उतरते. सतारीच्या तरफांसारखी प्रत्येक रेषा आपापल्या सुरात लावलेली, त्यामुळे शेकडो डिटेक्टर एकाच तारेवरून वाचता येतात. मात्र चिप एक दशांश केल्विनच्या आसपास थंड हवी, नाहीतर उष्णताच जोड्या फोडत बसते आणि आकाशाचं काही ऐकू येत नाही.

इथे मला आपली खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आठवली. तिथे असली थंडी लागत नाही, कारण तिच्या मीटरभर लांबीच्या लहरींमध्ये आकाशाचाच गोंगाट मोठा असतो. मिलिमीटरहून आखूड लहरींकडे गेलं, की उपकरणाचा स्वतःचा गोंगाट बोकांडी बसतो. धूळ आणि वायूत दडलेले जन्मणारे तारे तर नेमके तिथेच दिसतात.

लायडनमध्ये आता स्रॉन ही डच अवकाश संशोधन संस्थाही आहे. २००९ मध्ये अवकाशात सुटलेल्या हर्शेल दुर्बिणीवरच्या हायफाय उपकरणाचं नेतृत्व याच संस्थेकडे होतं. त्यात अतिवाहक मिक्सर होते, म्हणजे आकाशातून आलेल्या लहरी उपकरणातल्या लहरींत मिसळून कमी कंपनसंख्येवर आणणारे भाग. टीडब्ल्यू हायड्री या कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीतली थंड पाण्याची वाफ त्याने टिपली. हर्शेलमध्ये २,३०० लिटरहून जास्त द्रव हेलियम भरलेलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये ते संपलं आणि दुर्बीण धडधाकट असूनही तिचं निरीक्षण थांबलं. हे ऐकताना ते ६० मिलिलिटर डोळ्यांपुढून जाईनात.

डेल्फ्टचे अकिरा एंडो आणि स्रॉनचे योखेम बासेलमान्स यांच्या गटाने पूर्ण वर्णपटमापकच, म्हणजे आलेल्या लहरी कंपनसंख्येनुसार वेगळ्या करून मोजणारं उपकरण, एका चिपवर बसवलाय. डेशिमा त्याचं नाव. २०१७ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या ॲस्टे या १० मीटरच्या दुर्बिणीवर त्याची पहिली चाचणी झाली. दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात कार्बनची रेषा किती सरकली, यावरून तिचं अंतर काढायचं, हा त्यामागचा हेतू. "एका वेळी रुंद पट्टा बघता आला पाहिजे, तरच रेषा सापडते," भाची म्हणाली आणि रुमालावर आलेख काढून दाखवायला लागली. कॉफी गार झाली. मी वर्गातल्यासारखे प्रश्न विचारत राहिले.

जाणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय सहसा बंद असतं. स्टेशनपासून चालत जाता येतं. हातात दोन तास तरी ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी त्या यंत्रापुढे उभं करा, बाकीची दालनं नंतर.