फ्रेंच गुणपत्रकावरचा 'एबी' म्हणजे गैरहजर नव्हे

ग्रेनोबलला मास्टर्स करून पुण्यात परतले आणि पीएचडीच्या प्रवेशासाठी कागदपत्रं दिली. खिडकीवरच्या मॅडमनी माझं 'रलव्हे द नोत', म्हणजे तिकडचं गुणपत्रक, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकालाच्या ओळीवर बोट ठेवलं. "अहो, इथे तर तुम्ही ॲबसेंट आहात!"

तिथे 'एबी' छापलं होतं. आपल्याकडे त्याचा अर्थ तोच, त्यामुळे त्यांना दोष कसा देणार? फ्रान्समध्ये मात्र ही 'आसे ब्यां' श्रेणी आहे: २० पैकी सरासरी किमान १२, पण १४ च्या आत. १४ पासून 'ब्यां', १६ पासून 'त्रे ब्यां'. परीक्षेला न बसणाऱ्यापुढे 'एबीआय' किंवा 'एबीजे' येतं; पहिलं विनाकारण गैरहजेरीसाठी, दुसरं सबळ कारण असेल तर.

इंग्रजी भाषांतर आणा म्हणाले. एकांकडून करून घेतलं, तर विषयांची नावं नीट उतरली होती, संक्षेप मात्र जसेच्या तसे. अडचण तर तिथेच होती! शेवटी मीच तक्ता करायला बसले. 'यूई' म्हणजे अभ्यासक्रमाचा एक घटक, 'ईसी' त्यातला उपघटक. 'सीसी' म्हणजे सत्रभर चालणारं मूल्यमापन, 'ईटी' अंतिम परीक्षा. 'टीडी' छोट्या गटातले सरावाचे तास, 'टीपी' प्रात्यक्षिकं.

सगळ्यात जास्त समजवावं लागलं ते एका यूईबद्दल. तिथे ९,२ गुण, आणि सेमिस्टरसमोर 'एडीएम', म्हणजे उत्तीर्ण. पास व्हायला १० लागतात, मग हे कसं? तिथे 'काँपान्सास्याँ' चालतं. नियमात बसत असेल तर एका घटकातली कमी दुसऱ्यातले जास्तीचे गुण भरून काढतात, आणि सेमिस्टरचे ३० क्रेडिट पूर्ण मिळतात. दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, हेही तळटीपेत लिहिलं.

अंदाजाने एकही संक्षेप उलगडायचा नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं, कारण विद्यापीठागणिक फरक असतात. आमच्या विद्यापीठाने त्या वर्षीचे मूल्यमापनाचे नियम प्रसिद्ध केले होते, त्यांच्याशी प्रत्येक अक्षर ताडून पाहिलं. उरलेल्यांसाठी तिथल्या 'स्कोलारिते'ला, म्हणजे विद्यार्थी कार्यालयाला, मेल केला. मूळ संक्षेप तसाच ठेवून शेजारी पूर्ण अर्थ दिला. भाषांतरकारांनी तो तपासून सही-शिक्क्यासह जोडला.

गुणांची टक्केवारी करा, असाही आग्रह झाला. मी ठाम नकार दिला. तिथे १६ च्या वर क्वचितच कुणी जातं. १३ चे सरळ ६५ टक्के केले की चांगला निकाल उगाच साधारण दिसतो. त्याऐवजी श्रेणींचा तक्ता वेगळा जोडला, आणि तो चालला.

अजून तिकडेच असाल तर निघण्यापूर्वी पदवीसोबतचं 'स्युप्लेमाँ ओ दिप्लोम' मागून घ्या. गुणांकनाची पद्धत त्यात विद्यापीठानेच लिहून दिलेली असते.